पाल्यात की हातात

अप्पांनी मला तो प्रश्न विचारला, तेव्हा मी त्यांच्यासाठी सुतळीला गाठ मारून देत होते. त्यांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. सोलापूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय, गोळ्या चालू आहेत, पण बारीक गाठ मारायची म्हटली की बोटं ऐकत नाहीत. समोरच्या बाकावर एक बाई पाय मुरगळून बसली होती. तिच्या सुजलेल्या घोट्याभोवती सुतळी गुंडाळून मी गाठ मारली, आणि अप्पा एकदम म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या कॉलेजात पाला तपासत्यात म्हणं. मग मला येक सांग. गुण पाल्यात हाय का हातात?"

अप्पा म्हणजे माझे वडील. मुरुमच्या बाजारपेठेत आमचं दोरखंडाचं दुकान आहे. कासरे, वेसणी, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या. आता बैल कमी झाले तसे नायलॉनचे दोर आणि ट्रॅक्टरवर टाकायच्या ताडपत्र्या वाढल्या. पण सकाळी दुकान उघडायच्या आधी बाकावर जी माणसं बसतात, ती दोर घ्यायला आलेली नसतात. कुणाचा पाय मुरगळलेला असतो, कुणाचं मनगट लचकलेलं. अप्पा ओढ्याकाठच्या निर्गुडीचा पाला बारीक चिरून तव्यावर एरंडेल तेलात परततात आणि सोसेल इतपत गरम असताना फडक्यात घालून बांधतात. ह्याचे पैसे घ्यायचे नाहीत, त्या माणसाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा आमच्या घराण्याचा नेम. अप्पांच्या वडलांनी बांधलं, त्यांच्याही वडलांनी बांधलं.

बांधायच्या आधी माप घ्यायचं, हाही नेमच. दोरवाल्याच्या घरात माप घ्यायला दुसरं काय मिळणार? सुजलेल्या जागेभोवती सुतळी गुंडाळायची आणि टोक जिथं येऊन भेटेल तिथं गाठ मारायची. तीन दिवसांनी पट्टी सोडली की पुन्हा गुंडाळायची, पुन्हा गाठ. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे उतरलेली सूज. पाय पहिल्यासारखा झाला की त्या माणसानं ती सुतळी स्वतः नेऊन ओढ्याकाठच्या निर्गुडीला बांधायची, म्हणजे काम पुरं झालं.

त्या सकाळी ती बाई लंगडत गेल्यावर अप्पांनी मला खुलासा केला. त्यांच्या हातानं आता फार दिवस बांधणं होणार नाही. आमच्याकडे हे काम पुढं सोपवायचं तर वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या भाषेत येळवशीला, शेतात 'हात द्यायचा' असतो. बापानं लेकाला. माझा भाऊ सोलापूरला नोकरीला. त्याला दुसऱ्याच्या पायाला हात लावायची लहानपणापासून किळस, त्यानं सरळ नाही म्हणून सांगितलंय. राहिली माझी वहिनी. दुकान तीच बघते, पाला तीच चिरते, पण हात काही तिला दिलेला नाही.

"गुण पाल्यात आसंल," अप्पा म्हणाले, "तर सूनबाई उद्यापास्नं बांधंल. ह्यो नेम-फेम म्या मोडून टाकतो. पण हातात आसंल तर ते माझ्यासंगं जाणार. मग उगं लोकांची सकाळ कशाला मोडायची? दवाखान्यात जावा म्हणून सांगतो. तवा खरं काय ते बघ."

मला कुणी प्रश्न विचारला की आधी राग येतो आणि मग उत्सुकता वाटते, हा माझा जुना दोष. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. कुठल्या कुठल्या देशांतल्या झाडांवरचे लेख वाचते, मुलांना वाचायला लावते. पण माझ्या बापानं जन्मभर जो पाला बांधला, तो तपासावा असं मला कधी सुचलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. राग आला तो ह्याचाच.

योगायोग असा की माझ्या हाताखालच्या एका विद्यार्थिनीचं निर्गुडीच्या अर्कावरचं काम तेव्हा चालूच होतं. प्राण्यांवर प्रयोग करायला लागते ती समितीची परवानगी वगैरे सगळं रीतसर झालेलं. मी प्राचार्यांना विचारून अप्पांना एक दिवस कॉलेजात घेऊन गेले. पांढरं धोतर, टोपी, कपाळाला विभूती, अशा थाटात अप्पा प्रयोगशाळेच्या काचेबाहेर खुर्ची टाकून बसले आणि आत काय चाललंय ते मी त्यांना सांगत राहिले. पांढऱ्या उंदराच्या पायात सूज आणणारं औषध टोचतात. मग तो पाय पाण्याच्या नळीत बुडवायचा. पाणी जेवढं वर चढेल तेवढा पाय जाड.

"आमच्या सुतळीचंच काम की," अप्पा म्हणाले. "फक्त तुमची भिजती."

मग त्यांनी विचारलं, कुठल्या उंदराला काय दिलं. मी म्हटलं, काहींना आपल्या पाल्याचा अर्क, काहींना डॉक्टर देतात ती सुजेवरची गोळी आणि काहींना नुसतं पाणी.

अप्पा खुर्चीत पुढं सरकले. "नुसतं पाणी? त्याचा पाय ठणकतोय आन् त्याला नुसतं पाणी?"

"त्याशिवाय कसं कळणार अप्पा? काही न करता किती उतरतं ते बघायला नको का?"

"म्हंजी काय न करताबी उतरतं?"

"उतरतंच. थोडं थोडं."

परतीच्या एसटीत ते उमरगा येईस्तोवर टोपी काढून मांडीवर फिरवत बसले. मला वाटलं उंदराची दया आली असेल. तीही आलीच असणार. पण उमरग्याच्या स्टँडवर चहा घेताना ते म्हणाले, "इतक्या वर्सांत म्या कुणाला काय न बांधता परत धाडलंच न्हाय बघ. मग मला कसं कळावं?" हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. एखाद्याला आपल्याच घरात न उघडलेली खोली सापडावी तसा तो चेहरा होता. माझा बाप माझ्याहून चांगला संशोधक झाला असता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि अभिमानही वाटला.

पुढं आमच्या उंदरांचं काम संपलं. अर्कानं सूज उतरली होती. गोळीइतकी नाही, पण पाण्यापेक्षा नक्की जास्त. मी लगेच फोन केला. "अप्पा, गुण पाल्यात हाय."

पलीकडून विचारपूस सुरू झाली. अर्क उंदराला पाजला का बांधला? पाजला. गरम केला होता का? नाही. एरंडेल? नाही. उंदराचा पाय मुरगळला होता का? नाही, टोचून सुजवला होता.

"मग तू दुसरंच कायतरी तपासलंस की बाई," अप्पा म्हणाले. "म्या कुठं कुणाला पाजतो?"

परीक्षेला बाहेरून येणाऱ्या मोठमोठ्या परीक्षकांनीसुद्धा मला असं कधी पकडलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुरुमला गेले ती हट्टानंच. पहिल्याच दिवशी वही घेऊन ओढ्यावर गेले. निर्गुडीची ती जाळी सुतळ्यांनी भरलेली आहे. जुन्या कुजून काळ्या पडलेल्या, नव्या पिवळ्या. प्रत्येकीला दोन गाठी. मला हर्षवायूच झाला. एवढी मापं आयती टांगलेली! मी पट्टी लावून एकेक सुतळी मोजत दुपारपर्यंत उन्हात बसले, हातांना ओरखडे आले. घरी येऊन अप्पांपुढं वही ठेवली. बघा, सगळ्यांची सूज उतरलीय, एकसुद्धा अपवाद नाही.

अप्पांनी वही हातातसुद्धा घेतली नाही. "ज्यांची उतरली न्हाय, ते कशाला झाडाला बांधायला जात्याल?"

वहिनी आतून हसली. तिचं हसणं मला झोंबलं, कारण हीच चूक विद्यार्थ्यांनी केली तर मी त्यांना वर्गात उभं करते.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं की प्रयोग दुकानातच करायचा. दोन पाले आणि दोन माणसं. कधी निर्गुडी, कधी निव्वळ बिनकामाचा पाला. कधी अप्पा बांधणार, कधी वहिनी. कुणाच्या वाट्याला काय ते चिठ्ठी टाकून. ज्याला पाय टेकवतच नाही त्याला आधी उमरग्याला एक्स-रेला पाठवायचं, ही माझी अट. अप्पांची अट अशी, की माणसाला फसवायचं नाही. दोन तऱ्हेचे पाले आहेत, त्यातला कुठला ते सांगणार नाही, चालत असेल तर बसा, असं आधीच सांगायचं. ह्या अटीवर माझी काहीच हरकत नव्हती.

घोडं अडलं ते बिनकामाच्या पाल्यावर. मी म्हटलं करंज. अप्पा म्हणाले, करंज खरजेवर चालतो. मी म्हटलं रुई. वहिनी म्हणाली, अहो ताई, रुईचं पान तर सुजेवरच बांधतात. आघाडा, पळस, तरवड, मी नावं घेत गेले आणि ते दोघं त्याचे गुण सांगत गेले. बाभूळ म्हटल्यावर अप्पांनी मला दातांवर व्याख्यान दिलं. शेवटी मी वैतागून विचारलं, "ह्या तालुक्यात एक तरी निरुपयोगी झाड हाय का न्हाय?" तेव्हा वहिनी म्हणाली, "ज्वारीचा पाला घेऊ. तो बैल खातो, त्यानं बैलाची सूज उतरल्याचं मी तरी बघितलं न्हाय." शाळू शेतात उभा होताच.

दुसरी अडचण वासाची. निर्गुडीला उग्र वास, तो लपणार कसा? पहिल्याच माणसानं पुरचुंडी नाकाला लावून सांगितलं, "अप्पा, ह्याला वास न्हाय, ह्यो आपला पाला न्हाय." त्यावर वहिनीनं युक्ती काढली. सकाळी दुकानात एका पातेल्यात निर्गुडी उकळत ठेवायची. मग माणसं, बाक, सुतळी, पुरचुंड्या, सगळ्यांनाच तो वास. आम्ही दोघी त्या वाफेनं डोळे पुसत होतो तेव्हा अप्पा म्हणाले, "येवढं काय? मला तर कसलाच वास येत न्हाय."

"कधीपासून?"

"झाली की दोन-तीन वर्सं. भाजीचा न्हाय, उदबत्तीचा न्हाय. वयानं जातंय म्हणून सोडून दिलं."

कंपवातात वास आधी जातो, पुष्कळदा हात थरथरायच्याही आधी. हे मी दरवर्षी शिकवते, परीक्षेत विचारते. आणि माझ्या बापाला निर्गुडीचा वास येत नाही हे मला निर्गुडी उकळताना कळलं. मी पातेल्यातला पाला उगाच ढवळत राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

सुट्टी संपली. मी कॉलेजला परतले, दर शनिवारी मुरुमला यायचे. पुरचुंड्या वहिनी आत करायची आणि वहीत लिहून ठेवायची. प्रश्न दुसऱ्या गाठीचा होता. अप्पांच्या हातानं गाठ बसत नाही आणि वहिनीला पाला ठाऊक, तेव्हा तिनं माप घेणं शास्त्राला धरून नाही. मी शहाणपणा असा केला की सुतळी ज्याची त्याच्याकडेच द्यायची. तिसऱ्या दिवशी घरी स्वतः गुंडाळायची, स्वतः गाठ मारायची आणि दुकानात आणून टाकायची. फोनवर भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण. अप्पांना ह्या वयात कशाला परीक्षेला बसवतेस?" मी त्याला म्हटलं, तू पाय धरायला ये, मग बोल.

येळवस जवळ आली तोवर खोकंभर सुतळ्या जमल्या. एका रविवारी दुपारी वहिनीची वही उघडून आम्ही त्या जमिनीवर चार ओळींत मांडल्या. मांडता मांडताच मला दिसू लागलं. अप्पांनी बांधलेल्या सुतळ्यांच्या गाठी एकमेकींपासून लांब गेलेल्या. निर्गुडी असो नाहीतर ज्वारी, दोन्हींच्या. वहिनीनं बांधलेल्यांच्या गाठी जवळ जवळच. निर्गुडी बांधूनही.

म्हणजे पाला काही नाही. सगळं हातात.

वहिनी उठून चुलीकडे गेली. अप्पा त्या चार ओळींकडे बघत होते. लोक म्हणतील, माणूस खूश झाला असेल. ते म्हणाले, "मग संपलं म्हणायचं," आणि सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून उगीच चाचपत बसले. मला मात्र, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. माझ्या बापाच्या हातात काहीतरी आहे आणि ते मी मोजलं, ह्याचा आनंद. त्या आनंदातच मी संध्याकाळी बाजारात गेले.

अडत दुकानांच्या रांगेत मला तो हमाल दिसला. पोत्याखाली पाय वळला म्हणून दहा-बारा दिवसांपूर्वी आला होता, चिठ्ठी अप्पांची निघाली होती, त्याची सुतळी सगळ्यांत छान. आणि तो लंगडत होता. जवळ जाऊन बघितलं तर घोटा अजून टम्म. मी त्याला तिथंच पोत्यावर बसवला आणि पर्समधली टेप काढून आधी चांगला पाय मोजला. त्याच्या सुतळीवरची दुसरी गाठ मला पाठ होती. ती त्याच्या चांगल्या पायालासुद्धा आली नसती. एखाद्या दहा वर्षांच्या पोराच्या पायाला आली असती.

"ही गाठ कुणी मारली?"

तो खाली बघू लागला. "म्याच मारली, अक्का."

"पायाला गुंडाळून?"

"गुंडाळली व्हती. मग जरा आत सरकवली." मग म्हणाला, "गावात समद्यास्नी ठावं हाय, अप्पाच्या हाताची परीक्षा चाललीया म्हणून. माझ्या बापाचा पाय त्येनी बांधला, माझा दोनदा बांधला. त्येंना नापास कसं करावं?"

"आणि वहिनीनं बांधलेल्यांनी?"

"ती काय, तरणी बाय हाय. शिकंल की हळूहळू."

मी घरी आले आणि दारातच अप्पांना सगळं सांगून टाकलं. सांगू नये असं क्षणभर वाटलं होतं, पण खरं काय ते बघ, असं त्यांनी सांगितलं होतं आणि बघून झालं होतं. अप्पांना रागावलेलं मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलंय. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," हे मला. मग म्हणाले, "आन् समद्या गावानं मिळून मला भीक घातली." आत जाऊन ते भिंतीकडं तोंड करून पडले.

दोन दिवस त्यांनी कुणालाही बांधलं नाही. बाकावर माणसं येऊन बसायची आणि वहिनी त्यांना हात जोडायची. मी कॉलेजात रजा टाकली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे अप्पा कुणाला न सांगता ओढ्यावर गेले. पाला आणायला गेलो, असं नंतर म्हणाले. ओढ्याच्या उतारावर दगड निसटला आणि त्यांचा डावा पाय आत वळला. दोघा गुराख्यांनी त्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं.

उमरग्याला एक्स-रे झाला. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी पाय उशीवर उंच ठेवा, टेकवू नका म्हणून सांगितलं. घरी आणून पलंगावर टेकवलं तेव्हा अप्पांच्या तोंडावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेली तरतरी होती.

"ह्या गावात खोटी गाठ न मारणारा येकच माणूस हाय," ते म्हणाले. "आन् त्याला वासबी येत न्हाय. बांधा."

मी म्हटलं, "अप्पा, एका पायावरून काही सिद्ध होत न्हाय."

"तुझं न होऊ दे. माझं होईल."

ठरलं असं की चिठ्ठी वहिनीनं एकटीनं उचलायची, पाला एकटीनं चिरायचा, बांधायचंही तिनंच. मला काही सांगायचं नाही, मी पुरचुंडीजवळही जायचं नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ती पुरचुंडी गरम करून आणायची आणि अप्पांच्या पायाशी बसायची. सवय नसल्यानं तिला वेळ लागे. एका हातानं टाच उचलून धरून ती विचारायची, इथं दुखतं का, इथं? अप्पा पहिल्या रात्री कण्हत होते. तिला ते ऐकवत नव्हतं, मला दिसत होतं. एकदा ती स्वयंपाकघरात डोळे पुसत उभी होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काही न्हाय ताई, निर्गुडीची वाफ." मी तेवढ्यावरून ताडलं की निर्गुडीच आहे, आणि मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली. सुतळी मी धरली, पण अप्पांनी चष्मा लावून दहादा खात्री करून घेतली आणि गाठीची जागा स्वतः दाखवली. सूज उतरली होती. फार नाही, बोटाच्या पेराएवढं अंतर. अप्पांनी पाऊल हळूच जमिनीला लावून बघितलं.

"सूज थोडी गेली. ठणका निम्म्यापेक्षा जास्त गेला. खोटं सांगत न्हाय." मग वहिनीकडं वळून म्हणाले, "निर्गुडी हाय ही. माझा पाय मला सांगतोय."

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं पदर नीट केला.

"ज्वारी होती अप्पा."

अप्पा पायाकडं बघत होते.

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस."

"म्या कण्हत हुतो तवाबी?"

"तवाबी." तिचा आवाज बारीक झाला होता. "दोनदा निर्गुडी चिरून ठेवली होती. बांधावीशी वाटली. पण चिठ्ठी ज्वारीची निघाली होती, आन् तुम्हाला खरं कळायला पायजे होतं."

मला तेव्हा बोलायचं होतं. मुरगळलेला पाय तीन दिवसांत आपोआपही इतका उतरतो. पाय उंच ठेवला होता. एरंडेल होतं, ऊब होती. माझ्या डोक्यात सगळी यादी तयार होती आणि ती खरीही होती. पण अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला त्यांनी उचललेला हात इतका थरथरत होता की चष्मा खाली पडला.

"गावानं मला पास केलं," ते म्हणाले. "माझी लेक दोन सुतळ्या बघून नाचाया लागली. तू येकटीनं मला ज्वारी बांधलीस." मग नाक ओढून म्हणाले, "उद्यापास्नं बाकाम्होरं तू बस."

"येळवशीला अजून चार दिवस हायत अप्पा."

"ऱ्हाऊ दे येळवस. आलेला माणूस चार दिवस पाय धरून बसंल व्हय?"

"आन् गुण कशात हाय ते?"

"ते ही मास्तरीण बघंल. तिला जलमभर पुरंल येवढं काम हाय. तवर तू निर्गुडी बांध. ज्वारी माझी मला पुरे."

मी अजूनही बघतेच आहे. आता सुतळी कुणाच्या हातात देत नाही, दुसऱ्या गाठीला स्वतः जाते, दोन्ही पाय मोजते. काय निघेल ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणून शनिवारची एसटी पकडायला मला अजून मजा वाटते.

पण दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. मनगट लचकलेला एक म्हातारा मेंढपाळ आला. अप्पांच्या नेहमीच्या जागी, पोत्यावर, वहिनी बसलेली बघून तो दारातच थबकला. अप्पा बाकावर बसले होते, जिथं आजवर दुखणेकरी बसत आले तिथं.

"अप्पा, मला तुमचाच हात पायजे," मेंढपाळ म्हणाला.

अप्पांनी धोतर जरा वर सरकवलं, थरथरता हात मांडीखाली दाबून धरला, आणि पुन्हा पट्टी बांधलेला आपला पाय त्याच्यासमोर लांब केला.

"बघ," ते म्हणाले, "म्यासुदीक हिच्याकडनंच बांधून घेतलंय."